आधी सोय, मग बंदी

सोलापुरातील रस्त्यांमध्ये बदल करण्याचे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत एकामागून एक चर्चेत आले आहेत. जुन्या पेठांतील एकमार्गी वाहतूक, नवी पेठेतील पार्किंग, शहरातून जाणाऱ्या जड वाहनांच्या वेळा, दोन उड्डाणपूल आणि पंतप्रधान ई-बस सेवा योजनेतील बसगाड्या हे वेगवेगळ्या खात्यांचे विषय असले, तरी साखर पेठेतल्या आमच्यासारख्यांच्या दारावरून जाणारा रस्ता एकच आहे आणि या सगळ्यांचे परिणाम आम्हाला एकत्रच सोसावे लागणार आहेत. मी याच भागातल्या शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर इथेच राहते. आमच्याकडच्या काही रहिवाशांनी मिळून या प्रस्तावांवर लेखी हरकती आणि सूचना देण्याचे ठरवले, तेव्हा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने लोकांकडून जे ऐकले, ते अर्जाच्या दोन पानांत मावणारे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्यापैकी कोणालाही रस्ते आहेत तसेच राहावेत असे वाटत नाही. संध्याकाळी सहानंतर कन्ना चौकातून किंवा मधल्या मारुतीजवळून जो पायी जातो, त्याला बदलाची गरज कोणी पटवून द्यायला नको. आमची हरकत बदलांच्या क्रमाला आहे. प्रत्येक प्रस्तावात आधी काहीतरी बंद होते आणि पर्याय नंतर दिला जाईल असे सांगितले जाते. वाहनबंदी आधी आणि वाहनतळ नंतर, फेरीवाल्यांना हटवणे आधी आणि त्यांची जागा नंतर, एकमार्ग आधी आणि बस नंतर, असा हा क्रम आहे. तो उलटा करावा, म्हणजे सोय आधी व्हावी आणि बंदी नंतर यावी, एवढी एकच मागणी आमच्या सगळ्या हरकतींच्या मुळाशी आहे.

हे का म्हणावे लागते, ते समजण्यासाठी शहर कसे वाढले हे पाहायला हवे. १९९२ च्या हद्दवाढीने महानगरपालिकेचे क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरवर गेले. जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे अशा वस्त्या वाढत गेल्या आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांवर पोहोचली. माणसे राहायला दूर गेली, पण त्यांची कामे मध्यातच राहिली. कापड घ्यायचे तर नवी पेठ, किराणा आणि भांडी घ्यायची तर मंगळवार पेठ, दागिने सराफ बाजारात, आणि घरात कोणी गंभीर आजारी पडले तर सिव्हिल हॉस्पिटल. अशा शहराला भरवशाची बससेवा लागते. नेमकी तीच या काळात खचत गेली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून आलेल्या बसगाड्यांपैकी अनेकींच्या चासीला तडे गेले, त्या आगारात उभ्या राहिल्या, आणि ज्यांना परवडले त्यांनी दुचाकी घेतली. आज पेठांच्या गल्ल्यांतून जी दाटी दिसते, तिचा मोठा भाग म्हणजे बसथांब्यावरून उठून गेलेले प्रवासी आहेत, असे माझे मत आहे. तेव्हा दाटी कमी करायची तर सुरुवात कुठून करायची, हे यातच आले.

ज्यांना दुचाकी परवडली नाही, त्यांचे काय झाले ते शहराबाहेरच्या कुंभारीत दिसते. गोदूताई परुळेकर विडी घरकुलातील १० हजार घरे २००६ मध्ये कामगार महिलांना मिळाली. जवळच रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातील पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, शिलाई करणाऱ्या माणसांना स्वतःचे पक्के घर मिळाले, ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यासाठी झालेल्या लढ्याविषयी मला आदर आहे. पण घर शहराच्या बाहेर आणि बरीचशी रोजीरोटी अजून शहराच्या पूर्व भागात, हे अंतर दररोज कोणी तरी कापायचे असते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई अशीच घरकुलातून पूर्व भागात येते. सगळे तिला अक्का म्हणतात. आदल्या दिवशी वळलेल्या विड्यांचे कट्टे धुतलेल्या कापडात बांधून, ते गाठोडे पिशवीत घालून ती सकाळी निघते. कारखान्यात माल तपासला जातो, छाट, म्हणजे नापसंत विड्या, बाजूला काढली जाते, मग दुसऱ्या दिवसासाठी पाने आणि तंबाखू मिळतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते, त्यामुळे रस्त्यात गेलेला वेळ थेट हाताखालच्या कामातून वजा होतो. शेअर रिक्षात दाटीने बसावे लागले आणि पिशवी दाबली गेली, तर विड्या चेपतात आणि छाट वाढते, हे तिने मला पिशवी उघडून दाखवले. वरच्या थरातल्या विड्या नीट होत्या आणि कडेच्या कट्ट्यांतली पाने उलली होती. मी बसविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, बस नाही म्हणून सांगा, आम्ही रिक्षानं जातो. पण आहे म्हणून सांगता आणि येत नाही, तेव्हा उन्हात उभं राहून दिवस जातो.” शहर बससेवेविषयी याहून नेमके बोलणे मी कोणा तज्ज्ञाकडूनही ऐकलेले नाही.

म्हणूनच ई-बसच्या बाबतीत आमची चिंता बस किती येतील यापेक्षा त्या कुठून, किती वेळाने आणि कोणत्या हमीवर धावतील याविषयी आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत देशभरात १० हजार बस खासगी भागीदारीतून चालवायच्या आहेत आणि चालवणाऱ्याला पैसे किलोमीटरमागे मिळतात. ही पद्धत चुकीची नाही, कारण तिकिटाच्या गल्ल्यावर डोळा ठेवून बस पळवण्याचे कारण त्यामुळे राहत नाही. परंतु किलोमीटर भरायचेच असतील, तर ते होटगी रोड किंवा विजापूर रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर सहज भरतात आणि अशोक चौकातून कुंभारीकडे जाताना सावकाश भरतात. त्यामुळे मार्ग आणि वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे महानगरपालिकेने स्वतःकडे ठेवला पाहिजे, आणि न झालेल्या फेरीसाठी ठेकेदाराकडून दंड घेण्याची तरतूद कागदावर न राहता दर महिन्याला जाहीर झाली पाहिजे. विडी घरकुल आणि रे नगरसाठी पहाटेपासून ठरावीक अंतराने फेऱ्या, केगावच्या विद्यापीठासाठी तासिकांच्या वेळा पाहून फेऱ्या, आणि चिंचोळी व अक्कलकोट रोड एमआयडीसीसाठी पाळ्या सुटण्याच्या वेळेला फेऱ्या, एवढे तरी पहिल्या टप्प्यात यावे. एसटीमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. त्याच धर्तीची सवलत ई-बसच्या भाड्यात सुरुवातीलाच गृहीत धरावी, नंतर मागणीसाठी मोर्चे निघण्याची वाट पाहू नये. आणि थांब्याला छप्पर हवे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाणाऱ्या गावात नुसता खांब आणि त्यावर पाटी याला थांबा म्हणणे योग्य नाही.

एकमार्गी वाहतुकीच्या प्रस्तावावर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. अरुंद रस्त्यावर समोरून येणारी वाहतूक बंद झाली की कोंडी सुटते, हे खरे आहे. त्याचबरोबर समोरून काही येत नाही याची खात्री असलेला चालक वेग वाढवतो, हेही खरे आहे. आमच्या भागात शाळा सुटण्याची वेळ, नमाजाची वेळ आणि यंत्रमागाची पाळी बदलण्याची वेळ कधीकधी एकमेकांत मिसळतात, आणि त्या वेळी रस्ता ओलांडणारी माणसे शेकड्यांनी असतात. एकमार्ग करायचाच असेल, तर ओलांडण्याच्या जागा आखून, तिथे रस्ता थोडा उंच करून, मगच पाट्या लावाव्यात. वळसा वाढला की रिक्षाचे भाडे वाढते. डायलिसिससाठी आठवड्यातून अनेकदा रुग्णालयात जाणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना हे भाडे पेलवणार नाही, आणि बस त्यांच्या दारापासून लांब आहे. त्यांच्यासारख्या माणसासाठी एकमार्गाचा प्रत्येक चौक हा महिन्याच्या खर्चाचा प्रश्न असतो.

काका कधीकधी वॉकर घेऊन बाहेर पडतात, तेव्हा मी त्यांच्या सोबत चालते. कन्ना चौकाच्या बाजूला पदपथ आहे, पण त्याची कडा गुडघ्याच्या अर्ध्यापर्यंत उंच आहे, त्यामुळे वॉकर उचलून वर ठेवायला दुसरा माणूस लागतो. वर गेल्यावर काही पावलांतच दुकानाची पायरी पुढे आलेली, मग विजेची डीपी, मग लावलेल्या दुचाकी. एका ठिकाणी पेव्हर ब्लॉक उखडून वाळू वर आली आहे आणि वॉकरचे पाय त्यात रुततात. शेवटी काका रस्त्यावर उतरतात आणि पांढऱ्या पट्ट्याच्या आतून, वाहनांच्या हॉर्नकडे पाठ करून चालतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असायला हवी. आमच्या भागात इतकी सलग मोकळी जागा शोधूनही मिळत नाही. स्मार्ट सिटी योजनेत २०१६ च्या पहिल्याच यादीत सोलापूर देशातील वीस शहरांमध्ये निवडले गेले, तेव्हा आम्हाला खूप आनंद झाला होता आणि रंगभवन परिसरात त्या योजनेतून झालेले काम चालायला चांगले आहे, हे मी आवर्जून नोंदवते. तसा पदपथ पूर्व भागातही यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव आला की रुंदी नेहमी डांबराला मिळते आणि पदपथ उरलेल्या जागेत बसवला जातो. हा हिशेब उलट्या बाजूने, म्हणजे पदपथापासून, सुरू व्हायला हवा.

पदपथ मोकळे करण्याचा विषय निघाला की पहिली कारवाई फेरीवाल्यांवर होते. लक्ष्मी मंडईबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवालीची जागा किती, आणि पदपथावर कायमचा जिना बांधणाऱ्या दुकानाची किती, याची तुलना कोणी तरी मोजपट्टी घेऊन करावी. पथविक्रेता कायदा २०१४ मध्येच झाला आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नवी पेठेतील किंवा मंगळवार पेठेतील कोणत्याही फेरमांडणीपूर्वी या समितीसमोर नकाशा ठेवावा, अशी आमची सूचना आहे. यात मेहेरबानी कोणी मागत नाही, कायद्याने जे करायचे ते वेळेवर करावे, इतकेच.

नवी पेठेतील व्यापाऱ्यांची भीती वेगळी आहे. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक थेट शहराबाहेरच्या मॉलकडे किंवा मोबाइलवरच्या खरेदीकडे वळेल, असे त्यांना वाटते. सणासुदीला गावोगावाहून येणाऱ्या कुटुंबांवर ज्यांचे वर्षाचे गणित अवलंबून आहे, त्यांची ही भीती मी खोटी मानत नाही. मात्र सकाळी दुकाने उघडण्याच्या सुमारास तिथे उभे राहून पाहिले, तर रस्त्याच्या कडेची जागा गिऱ्हाईक येण्याआधीच दुकानमालक आणि कामगार यांच्या दुचाकींनी भरलेली असते, आणि त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. दिवसभर उभ्या राहणाऱ्या या गाड्यांसाठी थोड्या अंतरावर स्वस्त मासिक दराचा वाहनतळ आधी सुरू केला, तर गिऱ्हाईकासाठी जागा आपोआप मोकळी होईल आणि वाहनबंदीची गरज कदाचित फक्त गर्दीच्या दिवसांपुरती उरेल. व्यापारी संघटनांनी स्वतःहून हे पाऊल उचलले तर प्रशासनाला नाही म्हणता येणार नाही.

जड वाहनांचा प्रश्न या सगळ्यांत जिवावर बेतणारा आहे. पुण्याहून हैदराबादला, विजापूरहून धुळ्याकडे आणि सांगलीकडून येणारे महामार्ग सोलापुरात एकत्र येतात, आणि शहराच्या आतील चौकांत डंपर किंवा ट्रेलरखाली दुचाकीस्वार सापडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. केगाव ते हत्तूर बायपास झाल्याने फरक पडला, तरीही ज्यांचा माल शहरातच उतरायचा आहे ती वाहने आत येणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहतूक पोलीस वेळेचे निर्बंध घालू शकतात आणि ते आम्हाला हवे आहेत. फक्त हिवाळ्यात कांद्याचा हंगाम जोरात असताना बाजार समितीकडे येणाऱ्या शेतकऱ्याच्या वाहनाला शहराच्या वेशीवर रात्रभर अडकवून ठेवू नये, त्याच्यासाठी ठरलेला एक मार्ग आणि थांबण्याची जागा असावी. थंडीत रस्त्याच्या कडेला टेम्पोखाली झोपलेल्या शेतकऱ्यांना मी पाहिले आहे, आणि शहराच्या सुरक्षिततेचा भार त्यांच्यावर टाकणे मला मान्य नाही.

उड्डाणपुलांविषयी आमच्यात एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला असे हे दोन पूल वर्षानुवर्षे चर्चेत आहेत आणि भूसंपादनात अडकत आले आहेत. काहींच्या मते पूल झाल्याशिवाय चौक मोकळे होणार नाहीत. माझे स्वतःचे मत असे की, शहर ओलांडून जाणारी वाहने बायपासने वळवल्यानंतर पुलावरून नेमके कोण जाणार, याचा हिशेब आधी लोकांसमोर यायला हवा. कोणत्या चौकातून किती वाहने कुठून कुठे जातात, याचे सर्वेक्षण प्रसिद्ध करावे आणि मग निर्णय घ्यावा. शहर बसचा प्रवासी पुलाखाली उभा असतो, पुलावर थांबा नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

परंतु पूल होवो अथवा न होवो, संपादनाच्या रेषेत सापडलेल्या माणसांना इतकी वर्षे अधांतरी ठेवणे अन्यायाचे आहे. घर विकता येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि उद्या जाणार म्हणून गळके छतही कोणी दुरुस्त करत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी जमिनीला बाजारमूल्याइतकीच दिलासा रक्कम वर धरून मोबदला साधारण दुप्पट होतो, असे मालकांना ठाऊक आहे. भाडेकरूंना मात्र हे कोणी सांगत नाही की, बाधित जागेत आधीची तीन वर्षे राहणारी किंवा तिथे उपजीविका असलेली कुटुंबेही या कायद्यात बाधित मानली जातात. जुन्या पेठांतील कितीतरी दुकाने पगडीची आहेत आणि कितीतरी माग भाड्याच्या शेडमध्ये आहेत. मोजणीच्या वेळी मालकाबरोबर या लोकांचीही नावे नोंदवली गेली नाहीत, तर पुढे त्यांच्या हातात काहीही राहणार नाही.

हे सगळे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहता येते का, असा प्रश्न विचारला जातो. सोलापूरला याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. दर जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेपूर्वी नंदीध्वजांच्या मार्गाची पाहणी होते. तीस फुटांच्या आसपास उंचीचा नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून मानकरी चालतो, त्यामुळे हिरेहब्बू वाड्यापासून विजापूर वेशीमार्गे मंदिरापर्यंत कुठे खड्डा आहे, कुठे फांदी खाली आली आहे, कुठे तार लोंबते आहे, हे अधिकारी आणि मानकरी मिळून पायी चालत पाहतात आणि मिरवणुकीपूर्वी ते नीट केले जाते. जी पाहणी या मार्गासाठी दरवर्षी होते, ती रस्त्याच्या प्रत्येक नव्या प्रस्तावासाठी एकदा तरी व्हावी. सोबत रहिवासी असावेत, एक वॉकरवाला असावा, एक भाजीवाली असावी, आणि पाहणी संध्याकाळी सहाला असावी, सकाळी अकराला नको.

शेवटची बाब सुनावणीची. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महानगरपालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते, आणि प्रभागातला प्रश्न घेऊन जायचे कोणाकडे हेच लोकांना कळत नव्हते. आता नगरसेवक आहेत, तेव्हा प्रत्येक प्रस्ताव आधी प्रभागात यावा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात आलेली सूचना आमच्या पूर्व भागात फार थोडे लोक वाचतात. इथल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, शेजारच्या पेठेत कन्नड आणि उर्दू. नकाशासह सूचना मराठी धरून या चारही भाषांत बसथांब्यावर, रेशन दुकानात आणि विडी कारखान्यांच्या दारावर लावली, तरच ती लोकांपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल. सुनावणीचा दिवस ठरवताना त्या भागात पाणी येण्याचा दिवस टाळावा, कारण काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येते तेव्हा घरातील बाई कोणत्याही बैठकीला जाऊ शकत नाही.

आमचा अर्ज मराठीत तयार झाला आहे, त्याचा तेलुगू अनुवाद माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी केला आहे आणि कन्नड अनुवादाचे काम चालू आहे. अक्काने तो घरकुलातल्या बायकांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यात एक ओळ वाढवली आहे: बस रद्द झाली, तर ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याच वेळी कळण्याची व्यवस्था असावी.